बिलासाठी मोबाइल नंबर का द्यायचा?

रानजाई: गल्ल्यावर पहिला प्रश्न 'नंबर सांगा'. मागे रांग असते, आपण दहाही आकडे मोठ्याने सांगून मोकळे होतो. नंबरसाठी अडून बसू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच विक्रेत्यांना बजावलंय. पैसे दिले, व्यवहार संपला. नंबर देऊच नये.

सह्यकडा: पटत नाही. तुमचा नंबर गॅसवाल्याकडे, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, कुरियरच्या खोक्यावर आहेच. एका दुकानात लपवून काय साधणार? पैसे जातात ते ओटीपी सांगितल्याने, नको ती एपीके फाइल (फोनवर ॲप बसवणारी) उघडल्याने. जोर तिकडे द्या.

रानजाई: पण माणूस ओटीपी सांगतो कधी? समोरच्याला आपलं नाव आणि खरेदी माहीत असते तेव्हा. 'मागच्या आठवड्यात फ्रिज घेतलात, वॉरंटीची नोंद अपुरी आहे' असा फोन आला की शहाणा माणूसही बोलत राहतो. नुसत्या दहा आकड्यांना भाव नाही, सोबतच्या माहितीला आहे, आणि ती जोडली जाते गल्ल्यावर.

कापडवाला: माझं कपड्यांचं दुकान आहे. नंबर असला की बिल हरवलं तरी माल बदलून देता येतो, अल्टरची पँट तयार झाली की कळवता येतं. सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

रानजाई: कळवायला घ्या की, पण काम झालं की पुसा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचं सूत्र हेच आहे: ज्या कामासाठी माहिती घेतली, त्याच कामासाठी वापरायची. तुमच्या कॉम्प्युटरवर किती वर्षांचे नंबर पडून आहेत? बिलिंगवाल्या कंपनीकडे त्यांची प्रत जाते का, कधी विचारलंत?

कापडवाला: नाही विचारलं. विचारतो.

पाणवठा: सोसायटीच्या गेटवरचं रजिस्टर राहिलं! नाव, नंबर, कुणाकडे, सही. आपली ओळ लिहिताना वरच्या सगळ्यांचे नंबर समोर. एक फोटो काढला की अख्खं पान गेलं. आमच्याकडे नंबरचा रकानाच काढला, वॉचमन इंटरकॉमवर विचारतो.

सह्यकडा: रजिस्टरचं मान्य. पण माझी आई गल्ल्यावर वाद घालू शकत नाही. तिला एवढंच शिकवलंय: फोनवर पैशाचं बोलणं निघालं की ठेवून द्यायचा, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० हा सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा नंबर लावायचा. माझ्या मते आधी हे.

रानजाई: आईंना शिकवलंत ते अगदी योग्य. मात्र त्यांच्यासोबत दुकानात जाल तेव्हा 'नंबर देणार नाही' हे तुम्ही म्हणा. 'नंबराशिवाय बिल निघत नाही' असं उत्तर आलं, तर मॅनेजरला बोलवा. तरीही अडवलं, तर ग्राहक हेल्पलाइन आहे, १९१५.