टाईप वन मधुमेहवाल्यांनी फक्त चालायचं का?

खडूस_पेन्सिल: काल इथंच कुणीतरी ठोकून दिलं, ‘टाईप वनवाल्यांनी हिटच्या (थोडा वेळ जीव तोडून व्यायाम, मग दम खायचा, पुन्हा तेच) फंदात पडू नये. मी वीस मिनिटं केलं, शुगर 140 वरून 235. चालणंच बरं.’ अहो, चढणारच! जोर लावला की अ‍ॅड्रेनलिन उसळतं, लिव्हर ग्लुकोज ओतत सुटतं. धडधाकट माणसाचं स्वादुपिंड लगेच इन्सुलिन सोडतं, आपलं कोण सोडणार? थोड्या वेळानं उतरते. चालताना उलट माझी शुगर धाडकन पडते. व्यायामाच्या शेवटी दहा सेकंद जीव तोडून पळालं तर पुढचे दोन तास ती घसरण थांबते, हे 2006 मध्ये ऑस्ट्रेलियात तपासून झालंय.

ठाण्याची_माई: मोजून सात पुरुषांवर तपासलं होतं ते, तेही सांगा की. माझा मुलगा चौदाचा. फुटबॉलवरून आला, 230. मीच करेक्शन, म्हणजे शुगर उतरवायला इन्सुलिनचा जादा डोस, दिलं. रात्री तीनला बघते तर उशी घामानं चिंब, 46. उठवून भिंतीला टेकवलं आणि घोट घोट साखरपाणी पाजलं. ‘थोड्या वेळानं उतरते’ म्हणे!

खडूस_पेन्सिल: मग दोष हिटचा की पूर्ण करेक्शनचा?

ठाण्याची_माई: आईला दोष देणं सोपं असतं.

आळशी_अर्जुन: भांडता काय, दंडावर शुगर मोजणारा सेन्सर लावा. रात्री अलार्म वाजतो, विषय संपला.

सोलापूरकर: लावा म्हणे! चौदा दिवसांत एक संपतो. महिन्याचे दोन म्हणजे आमचं खोलीभाडं. मी बोट टोचून शुगर बघायच्या पट्ट्या दिवसाला तीनच पुरवून वापरतो, चौथी लागली तर बोटाआधी खिशाला टोचतं. पुण्या-मुंबईकडचे सल्ले वाचून हसू येतं.

आळशी_अर्जुन: जिमची फी परवडते ना पण?

सोलापूरकर: कसली जिम? गोदामात पोती उचलतो. ते हिटच समजा, फुकटचं! आणि तुमचा सेन्सर जोराच्या व्यायामात रक्ताच्या मागे चालतो. शुगर पडत असली की तो 110 दाखवतो तेव्हा बोट 80 म्हणत असतं.

आळशी_अर्जुन: बरं बाबा, चुकलो. पोत्यांचं माहीत नव्हतं.

खडूस_पेन्सिल: सेन्सरपुराण आवरा. अमेरिकन जलतरणपटू गॅरी हॉल ज्युनियरला 1999 मध्ये टाईप वन निघाला, 2000 ला सिडनी ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटरचं सुवर्ण. त्यानं फक्त चालायचं होतं?

ठाण्याची_माई: त्याच्या दिमतीला डॉक्टर होते. माझ्याकडे ‘कारल्याचा रस द्या’ म्हणणारी नणंद आहे.

खडूस_पेन्सिल: हे मात्र मान्य. आमच्याकडे मेथीदाणे.

ठाण्याची_माई: पोरगा ऐकणार नाहीच, शनिवारी मॅच आहे. सकाळची घ्यायला लावू का?

खडूस_पेन्सिल: लावा. दिवसा पडली तर निदान तो जागा असेल. नंतर चढलेली दिसली तर लगेच सुई उचलू नका, करेक्शन किती कमी करायचं ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. आणि सुरुवातीलाच 250 च्या वर असेल तर आधी कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की चरबी जळून रक्तात साचणारी आम्लं) बघा, निघाले तर मॅच रद्द.

सोलापूरकर: कीटोनच्या पट्ट्या? आमचा केमिस्ट म्हणतो, ‘हे काय असतं?’