अब्बांच्या नावाने कुर्बानी करायचीय, त्यांचं बोलणं वसियत (मरणानंतरसाठी सांगून ठेवलेली इच्छा) मानायचं की नाही? मदत हवी आहे

सलाम, नमस्कार मंडळी. आम्ही कोकणी मुस्लिम, गाव खेडकडचं, राहतो कुर्ल्याला. अब्बा गेल्या पावसाळ्यात अचानक गेले, अटॅक आला आणि दोन तासांत सगळं संपलं. त्यांच्याशिवायची ही पहिली बकरी ईद. भाऊ कुवेतला असतो म्हणून या वेळी सगळं माझ्यावर आलंय आणि मला अब्बांच्या नावाने एक बकरा करायचाय, पैसे माझ्या पगारातून बाजूला काढून ठेवलेत.

आता अडचण. माझ्या सासरचे हनफी (इस्लामी नियमांची एक परंपरा), त्यांचे मौलाना म्हणाले खुशाल करा, मयताला सवाब (पुण्य) पोचतो आणि मटण घरात पण खाता येतं. पण आम्ही कोकणी लोक शाफई, म्हणजे दुसऱ्या परंपरेचे, गावच्या खतीबांना (मशिदीत प्रवचन देणाऱ्यांना) फोन केला तर ते म्हणाले आपल्यात मयताच्या नावाने कुर्बानी तेव्हाच होते जेव्हा त्याने तशी वसियत केलेली असते, आणि वसियतीची असेल तर मटण सगळंच्या सगळं गोरगरिबांना द्यायचं, घरच्यांनी त्यातलं खायचं नाही.

कागदावर अब्बांनी काहीच लिहिलेलं नाही. पण दर वर्षी देवनारच्या जनावरांच्या बाजारातून बकरा घेऊन झाला की ते एक वाक्य हमखास बोलायचे, मी नसलो तरी बकरा बंद करू नका. दर वर्षी! हे नुसतं बोलणं धरायचं की वसियत? रात्री झोप लागत नाही हो या विचाराने. आणि अम्मीचं म्हणणं, ईदच्या सकाळी अब्बा आधी कलेजी खायचे, तर या वर्षी पण तिला ती शिजवायचीय. वसियत धरली तर तेही नाही.

दुसरं, देवनारच्या बाजारात मी आजवर एकटी गेलेली नाही. आंधळा, लंगडा, आजारी, हाडं दिसणारा घ्यायचा नाही एवढं माहितीय. पण वयाचं काय? विकणारे दोन दाती (दोन पक्के दात आलेला) म्हणजे चालतो म्हणतात. कुर्बानी तिथेच करून घेणार, बिल्डिंगमध्ये अब्बांनी कधी जनावर आणलं नाही, शेजारी सगळ्या धर्माचे आहेत, मलाही तेच ठेवायचंय.

प्रतिसाद: ताई, आधी अब्बांना अल्लाह मगफिरत (माफी) देवो. वयाचं सांगतो, हनफींमध्ये बकरा एक वर्षाचा चालतो पण आपल्यात पूर्ण दोन वर्षांचा लागतो. दोन दाती बहुतेक त्याहून लहान असतो, चार दाती बघा आणि जाणता माणूस सोबत न्या. ईदची नमाज झाल्याशिवाय कापू देऊ नका. आणि बकरी ईदच्या महिन्याचा चाँद दिसल्यापासून कुर्बानी होईपर्यंत केस नखं कापू नका.

प्रतिसाद: मला वाटतं सगळं त्या वाक्यावर आहे. घरातला बकरा बंद करू नका असं असेल तर ती घरच्यांची कुर्बानी झाली, ती तुम्ही स्वतःच्या नावाने करा, आपल्यात घरातल्या एकाने केली की सगळ्यांची सुन्नत (पैगंबरांची रीत) अदा होते, मटण तुम्ही खा, गरिबांचा वाटा काढा आणि अब्बांसाठी दुआ करा. पण ते स्वतःच्या नावाचं म्हणत असतील तर मामला वेगळा. अम्मींना नक्की शब्द विचारा आणि ते शब्द जसेच्या तसे खतीबांना सांगा, फतवा इथे कुणी देऊ नये.

धागाकर्ती: दोघांचे मनापासून आभार. अम्मीला आत्ताच विचारलं. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, ते म्हणायचे "माझा बकरा बंद करू नका". माझा. मला नुसतं "बकरा" आठवत होतं. उद्या फजरच्या (पहाटेच्या) नमाजनंतर खतीबांना हेच सांगते. ते वसियत म्हणाले तर मटण सगळं वाटायचं, अम्मी म्हणाली कलेजी पण त्यातच घाल.