प्रति: बढतीनंतरची धाकधूक
बढती मिळाल्यापासून ‘आता आपलं पितळ उघडं पडणार’ असं वाटतं, हे तुम्ही लिहिलंत आणि वरच्या उत्तरांत बहुतेकांनी ‘आत्मविश्वास वाढवा’ म्हटलंय. (तो काय किलोवर मिळतो?) लायक असूनही आपण तोतये आहोत असं वाटण्याचा हा प्रकार (‘इम्पोस्टर फेनॉमेनन’) पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मांडला, तोही कर्तबगार बायकांबद्दलच. त्यांचा एक उपाय मला पटतो: एकट्याने कुढण्यापेक्षा गटात बोलणं. समोरच्या हुशार बाईलाही तेच वाटतंय हे कळलं की ‘मी सोडून सगळे लायक’ हा समज डळमळतो. टीममधल्या एखाद्या सीनियरला विचारूनच बघा, नव्या पदावर सुरुवातीला काय वाटायचं ते. मात्र साहेब मीटिंगमध्ये चारचौघांत पाणउतारा करत असतील, तर खोट स्वतःच्या मनात शोधत बसू नका.