आईच्या थायरॉइडचे दोन अहवाल जुळत नाहीत. कोणता ग्राह्य धरावा?

नमस्कार. माझी आई ६७ वर्षांची आहे. गेल्या हिवाळ्यापासून तिला सतत थकवा जाणवतो, बद्धकोष्ठतेचा त्रास वाढला आहे, आवाज जड झाला आहे आणि सकाळी हातांना इतकी सूज असते की साबण लावल्याशिवाय पाटल्या निघत नाहीत. म्हणून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी थायरॉइडची तपासणी करून घ्यायला सांगितली.

पहिल्या अहवालात टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक, थायरॉइड मंदावले की हे वाढते) ८.१ होते (प्रयोगशाळेने दिलेली मर्यादा ०.४ ते ४.५), फ्री टी४ (थायरॉइडचे स्वतःचे संप्रेरक) १.०८, म्हणजे मर्यादेत होते आणि अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडे) बरेच वाढलेले होते. टी४ पुरेसे असूनही टीएसएच वाढलेले असेल तर त्याला सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझम म्हणतात आणि अँटी-टीपीओ पाहता मूळ कारण बहुधा हाशिमोटो (शरीराची प्रतिकारशक्ती थायरॉइडवरच उलटते तो आजार) असावे, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले. थोडे वाढलेले टीएसएच पुष्कळदा आपोआप खाली येते, त्यामुळे थायरॉइडची गोळी लगेच सुरू न करता दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासू, हे त्यांचे म्हणणे मला पटले.

दुसऱ्या अहवालात टीएसएच ४.३ आले आणि फ्री टी४ १.७५ (मर्यादा ०.८ ते १.८). घरच्यांना हायसे वाटले, माझ्या मनातली शंका मात्र जात नाही. मधल्या काळात केस गळतात म्हणून त्वचारोगतज्ज्ञांनी आईला रोज १० मिलिग्रॅम बायोटिन (एक ब जीवनसत्त्व) सुरू केले होते आणि तपासणीच्या दिवशीही तिने ती गोळी घेतली होती. रक्तात बायोटिन जास्त असेल तर काही तपासणी-पद्धतींमध्ये टीएसएच प्रत्यक्षाहून कमी आणि टी४ प्रत्यक्षाहून जास्त दिसते. आमच्या अहवालातला फरक नेमका त्याच दिशेचा आहे. शिवाय पहिल्या वेळी रक्त सकाळी सातला दिले होते, दुसऱ्या वेळी दुपारी तीनला, तेही वेगळ्या प्रयोगशाळेत. टीएसएच रात्री आणि पहाटे जास्त असते व दुपारी उतरते, हेही इथे लक्षात घ्यावे लागेल. आईची लक्षणे मात्र तसूभरही कमी झालेली नाहीत.

बायोटिन थांबवून, सकाळच्या वेळी आणि पहिल्याच प्रयोगशाळेत पुन्हा तपासणी करावी, असे मला वाटते. दोन दिवस आधी बंद करणे पुरेसे असते असे सांगतात, पण १० मिलिग्रॅमच्या मात्रेला आपल्यापैकी कोणाच्या डॉक्टरांनी अधिक दिवस सांगितले होते का?

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. टीएसएच पुन्हा सात-आठच्या आसपास आले तर या वयात लेव्होथायरॉक्सिन (थायरॉइड संप्रेरकाची गोळी) सुरू करावे का? वयानुसार टीएसएच थोडे वाढतेच, आणि दहाच्या खाली असेल तर वयस्कर माणसांना गोळीचा फारसा उपयोग होत नाही, असे वाचले आहे. आईची अँजिओप्लास्टी झालेली असल्याने मात्रा जास्त झाली तर हृदयाचे ठोके अनियमित होण्याची आणि हाडे ठिसूळ होण्याची मला धास्ती वाटते. त्यातच तिचे हिमोग्लोबिन १०.२ आहे, तेव्हा थकवा थायरॉइडमुळे आहे की रक्त कमी असल्यामुळे, हे कसे ओळखावे?

गोळी द्यायची की नाही, हे डॉक्टरच ठरवतील. पुढच्या भेटीत त्यांना काय काय विचारावे, हे मात्र जाणकारांनी आणि ज्यांच्या घरी असे घडले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.