पोरगं घरात हाय पण बोलतच नाही, थेरपीले कुठं न्यावं?

कास्तकार_दारव्हा
नमस्कार मंडळी. पोरगा अकरावीत हाय, सोळा वर्षाचा. पयले माह्यासंग वावरात येये, डवऱ्यामागं चालता चालता शाळेतलं, दोस्तायचं सारं सांगे. दिवाळीपासून कॉलेजातून आला का खोलीचं दार लावून घेते, जेवाले बोलावलं तं ताट घेऊन आत जाते, मायनं काही विचारलं तं "काही नाही" म्हणते आन् मले तं तेवढंबी म्हणत नाही. कबड्डी सोडली, रात्री दोन वाजेपर्यंत जागा रायते. व्यसन नाही, तेवढी चौकशी केली म्या. माहा साळा, बायकोचा भाऊ, म्हणते भगताकडे दाखवा, कॉलेजचे सर म्हणते थेरपी करा. हे थेरपीवाले नेमकं करते काय, गोळ्यांची सवय लागते काय, आन् आपल्याइकडं हे भेटते कुठं? नागपूरले दर हप्त्याले जाणं परवडत नाही, कापूस अजून घरातच पडला हाय. आन् गावात माहीत झालं तं पोराले येडा म्हणतीन, हेबी भेव हाय.

आशाताई_पुसद
भाऊ, एकदम नागपूर गाठाची गरज नाही. आधी तुमच्या ग्रामीण नाहीतर उपजिल्हा रुग्णालयात मैत्री क्लिनिक कधी असते ते विचारा. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून चालू हाय, १० ते १९ वर्षाच्या पोरापोरींसाठी, त्यातलंच हे. तिथं समुपदेशक बसते. या सरकारी दवाखान्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार फुकट हाय. मानसोपचाराचे डॉक्टर लागलेच तं यवतमाळले मेडिकल कॉलेजात भेटते. आन् दवाखान्यात कायले आला म्हणून कोणाच्या कपाळावर लिहून नसते, काळजी नका करू.

पाटील_वाशीम
मोबाईल काढून घ्या आन् वावरात कामाले लावा. आमच्या वेळेस असं काही नव्हतं.

समुपदेशक_वर्धा
पाटीलसाहेब, होतं हो, तेव्हाही होतंच, फक्त विचारणारं कोणी नव्हतं. मोबाईल हिसकल्यानं पोरगं बोलायला लागलं असं मी तरी पाहिलं नाही, उलट दोस्तांशी जो धागा शिल्लक असतो तोही तुटतो.

कास्तकार दादा, थेरपी म्हणजे मुख्यतः बोलणं. पहिल्या भेटीत आम्ही आईबापांना थोडा वेळ बाहेर बसवतो आणि मुलाशी एकट्याशी बोलतो, त्याला आधीच सांगतो की तू जे सांगशील ते घरी जाणार नाही, फक्त तुझ्या किंवा कोणाच्या जिवाला धोका दिसला तरच सांगू. मग आईबापांशी वेगळं बोलणं होतं, आणि थोडा भरवसा बसला की सगळे एकत्र. तेव्हा मुलाला जे सलतंय ते तो बापासमोर बोलतो आणि बापानं ते मधी न तोडता, "अरे पण मी तुझ्यासाठीच केलं ना" असं न म्हणता, शेवटपर्यंत ऐकायचं असतं. सगळ्यात अवघड काम हेच, आणि ते मुलाचं नाही, तुमचं आहे. म्हणून "याला दुरुस्त करून द्या" असं म्हणून पोराला सोडून जाऊ नका, तुम्ही दोघंही या. काही भेटी लागतात, एका फेरीत होत नाही.

गोळ्या प्रत्येकाला लागत नाहीत. नैराश्य जास्त असेल तर डॉक्टर देतात, नैराश्याच्या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही, पण मनानं मधेच बंद करायच्या नाहीत.

एक गोष्ट आजच करा. फवारणीचं औषध घरात, गोठ्यात असेल तर कुलपात टाका, किल्ली स्वतःजवळ ठेवा. घाबरवायला नाही सांगत, पण खेळ सुटणं, झोप जाणं, एकटं राहणं ही लक्षणं आहेत तेव्हा एवढं करायचंच. आणि "जीव द्यावा असं वाटते काय रे" हे सरळ विचारता येतं, विचारल्यानं तसा विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

रिसोडचा_पोट्टा
काका, मी आता बावीसचा हाय पण अकरावीत सेम असाच होतो. मले घरचे वाईट वाटत नव्हते, फक्त कोणी बोललं का शेवटी मार्कावरच येऊन थांबे, म्हणून मी बोलणंच बंद केलं. समुपदेशक ताईनं बाबाले एकच काम देल्लं होतं, रोज पोरासंग बसा पण अभ्यासाचं नाव काढू नका. बाबा मंग रात्री मोटर चालू कराले जाताना मले गाडीवर मागं बसवत. अंधारात, तोंडाकडं पाहावं न लागता बोलणं सोपं जाते, हे खरं सांगतो. पयले लाईनीचे टाईम, डीपी जळाली, असंच बोलणं होये. कॉलेजात मले काय त्रास होता ते लय उशिरा सांगतलं, पण सांगतलं.

कास्तकार_दारव्हा
औषधाचे डबे आताच कोठीत टाकून कुलूप लावलं. पण तो दवाखान्यात याले नाहीच म्हणाला तं? ओढून नेता येत नाही ना.

समुपदेशक_वर्धा
ओढून नेऊ नका. मग आधी तुम्ही दोघं या, आईबाप येऊनही काम सुरू होतं. नाहीतर घरूनच टेली मानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाईनला, १४४१६ वर फोन लावा, चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलतात. आधी तुम्ही बोला, मग नंबर त्याच्या मोबाईलवर टाका आणि सांगा की तू काय बोलला ते मी विचारणार नाही. आणि मग खरंच विचारू नका दादा.