मदत हवी आहे: अलार्म ‘ऑफ’ झाला म्हणजे वाजला की थांबला?

लेक सातवीत आहे. काल इंग्रजीच्या धड्यात ‘द अलार्म वेंट ऑफ’ हे वाक्य आलं. तिने बिनदिक्कत लिहिलं, ‘गजर बंद पडला’. शेरा: चूक, गजर वाजला! मग तिचा प्रश्न, ‘बाबा, लाइट ऑफ म्हणजे बंद, मग गजर ऑफ म्हणजे चालू कसा?’ मी गप्प.

मग डोकं चालवलं. दूध ऑफ म्हणजे नासलेलं, विमान ‘टेक ऑफ’ म्हणजे उड्डाण, दुकानात ‘२० टक्के ऑफ’ आणि माझा रविवारचा ऑफ. ऑफ (off) आणि ऑव्ह (of) हे मुळात एकच शब्द, अर्थ ‘पासून, दूर’, हे ठाऊक आहे. सूट, सुट्टी, उड्डाण त्यात बसतात. गजर काही बसेना.

शेवटी तिला आपलं ‘सुटणे’ सांगितलं: गाडी सुटली म्हणजे निघाली, शाळा सुटली म्हणजे संपली. तिला पटलं, मला अर्धंच.

इंग्रजी शिकवणाऱ्यांनो, गजराचा आणि बंदुकीचा ‘गो ऑफ’ मुलांना कसा समजावता? घोकून घेणं सोडून काही सुचवा, सोमवारी चाचणी आहे.