उन्हाळ्यातला प्रवास आणि इंजेक्शनची पिशवी: तुमचे अनुभव लिहा

लेकीला टाइप वन मधुमेह. सुट्ट्या लागल्या की आमची स्वारी यवतमाळला, तिच्या आजोळी. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत, वापरातलं साधारण ३० च्या आत महिनाभर, एवढं खोक्यातल्या कागदावर असतं. पारा ४५ ला टेकलेला असताना नागपूरच्या गणेशपेठ बसस्टँडवर ते पाळायचं कसं, हे नसतं. घरात कुणी कुठलंही इंजेक्शन घेत असेल तर प्रवासात काय करता ते लिहा. डोस मात्र डॉक्टरांनाच विचारा.

धरमपेठ
उन्हाला सगळेच भितात, बर्फाला कुणी भीत नाही. चिखलदऱ्याच्या एका हॉटेलात ह्यांची इन्सुलिनची पेनं फ्रिजमध्ये ठेवायला दिली होती. पोऱ्यानं चांगल्या मनानं फ्रीजरमध्ये ठेवली, "मॅडम, एकदम थंड करून दिली." गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला ठीक दिसलं तरी फेकायचंच. तीन पेनं गेली. परतवाड्याला उतरून नवी घेतली. आता खोलीत फ्रिज नसेल तर पेन थर्मासमध्ये, आणि बर्फाची पिशवी अन् पेन यांच्यामध्ये जाड नॅपकिन.

काटोल रोड
आमच्याकडं काऊन एवढं टेन्शन घेऊन राहिले बाप्पा? मोठ्या मडक्यात ओली रेती, त्यात लहान मडकं, वरून ओलं फडकं. गावी लाइट गेली तरी बाटली थंडगार. हवा कोरडी, त्यामुळं आपल्या खसच्या कूलरसारखंच चालते. मुंबईला पोराकडे करून पाहिलं, दमट हवेत काहीच उपयोग नाही.

मनीषनगर
मुलगा अमेरिकेत, आम्ही दोघं जाऊन येतो. आपल्याकडची इन्सुलिनची बाटली बहुधा एका मिलीत ४० युनिटची, तिची सिरिंज लाल टोपणाची. तिकडे १०० युनिटची, सिरिंज नारिंगी टोपणाची. म्हणजे आपलं ४० चं औषध तिथल्या सिरिंजमध्ये २० च्या रेषेपर्यंत भरलं तर अंगात जातात फक्त ८ युनिट. उलट केलं, तिकडची बाटली अन् आपली लाल टोपणाची सिरिंज, तर २० च्या जागी ५०! माणूस बेशुद्ध पडेल. म्हणून सिरिंजा इथूनच नेतो, मुक्कामाला पुरून उरतील इतक्या. चिठ्ठीवर ब्रँडसोबत औषधाचं मूळ नावही लिहून घ्या, ब्रँड तिकडे कुणाला कळत नाही. आणि हे सगळं हातातल्या बॅगेत. विमानाच्या पोटात टाकलेली बॅग गारठू शकते, हरवूही शकते.

प्रतापनगर
सोनेगाव विमानतळावर माझं संधिवाताचं इंजेक्शन तपासणीवाल्या ताईंनी बाहेर काढायला लावलं. चिठ्ठी अन् मूळ खोकं दाखवलं, झालं काम. खोकं फेकून नुसती पेनं नेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

नंदनवन
मला गरोदरपणात एनोक्सापॅरिन चालू आहे, रक्त गोठू नये म्हणून. ते फ्रिजमध्ये ठेवायचंच नसतं, २५ अंशांच्या आत चालतं. सासूबाई रोज एकदा तरी उचलून फ्रिजच्या दारात ठेवतात, मी काढते. पुण्याला जाताना एसीचं तिकीट फक्त त्या खोक्यासाठी काढलं म्हटलं तरी चालेल.

सदर
सुयांबद्दल कुणीच लिहिलं नाही. रेल्वेच्या कचऱ्याच्या डब्यात सुई टाकू नका हो, साफ करणाऱ्या माणसाच्या हातात ती घुसते. मी जाड प्लॅस्टिकचा रिकामा डबा नेतो, झाकण घट्ट लावून घरी परत आणतो, मग दवाखान्यात देतो. पेनची सुई टोचून झाली की लगेच काढायची, नाहीतर औषध गळतं, आत हवाही शिरते.

धागा काढणारी
काटोल रोडवाले काका, ते मडकं एसटीत मांडीवर घेता की सीटखाली?

काटोल रोड
अवो ताई, मडकं घरी. एसटीत थर्मासच.